नयापुलाच्या पलीकडे

(ट्रस्टच्या हीरकमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे झालेल्या सभेतील भाषण)



आम्हांस बोलावयाचे निमंत्रण आले तेव्हा त्याबरोबर विषयही आला होता, 'शिक्षण आणि समाज'. या विषयावर गेल्या साठ वर्षांत याच व्यासपीठावरून इतकी भाषणे झाली आहेत की त्यांत आणखी एकाची भर घालून शिक्षणाचे किंवा समाजाचे काही भले होईल असे वाटत नाही. तेव्हा चिटणीसांच्या परवानगीने आम्ही एका रविवारची हकीकत तेवढी सांगणार आहोत. गेल्या जानेवारीतल्या त्या रविवारी आमच्या शाळेची सातवी-आठवीची अठ्ठावीस मुले घेऊन आम्ही सुलतान बाजारातून निघालो, चालत चालत शहाअलीबंड्यापर्यंत गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. या सहलीला पैसे आपल्या ट्रस्टने मंजूर केले होते. हिशेब देणे आमचे कामच आहे. 'आम्ही' म्हणजे दोघे : एक हे तुमच्यापुढे उभे असलेले इतिहासाचे मास्तर आणि दुसऱ्या आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई. त्या आज समोर बसल्या आहेत. आमचे काही चुकले तर त्या लगेच दुरुस्त करतील.

मंजूर झालेले पैसे बसभाड्याचे होते. आधीच्या दोन वर्षी सहली बसनेच गेल्या. मुलांनी गाणी म्हटली, भेंड्या लावल्या, चिवडा खाल्ला. मागाहून निबंध लिहावयास सांगितला तेव्हा बसमध्ये कोण कोणाशेजारी बसले होते हे सर्वांनी बिनचूक लिहिले, पण वाटेत काय लागले ते एकालाही लिहिता आले नाही. यात मुलांचा दोष नाही. खिडकीतून शहर पाहिले की ते चित्रांच्या पुस्तकासारखे दिसते, आणि दोन पानांच्या मध्ये काय आहे हे चित्रांचे पुस्तक सांगत नाही. म्हणून यंदा ठरवले की बस नको. वाट जेमतेम पाच किलोमीटरांची. यांच्या आजोबा-पणजोबांनी यापेक्षा जास्त वाट लग्नाच्या वरातीत तुडवली असेल.

पण अडचण अंतराची नव्हतीच. आपल्या वस्तीत 'पलीकडे' असा एक शब्द आहे, तो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मुशी नदीच्या अलीकडे आपण : सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा, बरकतपुरा. पलीकडे जुने शहर. लग्नाचा बस्ता बांधायला किंवा पुण्याहून पाहुणे आले तर त्यांना सालारजंग दाखवायला पलीकडे जावयाचे आणि उजेडी परत यावयाचे, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. सहलीसाठी परवानगीचे कागद घरोघरी पाठवले. चौतीसांपैकी अठ्ठावीस परत आले, आणि त्यांतल्या काहींवर 'सर सोबत राहणार असतील तर' अशी पुस्ती होती.

आता या सरांचे स्वतःचे बिऱ्हाड पलीकडेच आहे, याकूतपुऱ्यात. वीस वर्षे झाली, आम्ही रोज सकाळी तो पूल ओलांडून अलीकडे येतो आणि संध्याकाळी परत जातो. घराणे मूळचे उदगीरचे. घरात दख्खनी बोलतो, अंगणात मराठी बोलत आलो, आणि पोटासाठी इंग्रजी शिकलो. एवढे होऊनही नवीन माणसाशी ओळख झाली आणि आमचे नाव कळले की पुढचे वाक्य ठरलेले : 'तुमचे मराठी मात्र फार चांगले आहे हो!' बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. आम्हीही आता हसून आभार मानतो. असो.

एका मुलाचा कागद आजोबा स्वतः घेऊन आले. मुलाचे नाव येथे सांगत नाही, पण आजोबांनी ते पंढरपूरच्या देवाचे ठेवले आहे एवढे सांगावे लागेल, कारण पुढे त्याचा संबंध येतो. आजोबांचे वडील निजामाच्या राज्यात कारकून होते. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, अनेक मराठी कुटुंबे त्यांच्यामागे गेली, पण हे येथेच राहिले. आजोबांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सही केली आहे. पण पोरगा आपल्याच तंद्रीत असतो. गर्दीत त्याचा हात सोडू नका." आम्ही म्हणालो, "काळजी करू नका." किती सहज बोलून जातो माणूस!

सकाळी सातला निघालो. जुन्या रेसिडेन्सीपाशी फाटकाबाहेरूनच थांबलो. कर्कपॅट्रिक या इंग्रज वकिलाने १८०३ च्या सुमारास उभारलेला हा वाडा आज महिला विद्यापीठाकडे आहे, एवढे सांगून पुढे सरकलो. बाईंनी निघतानाच मुलांना एक काम दिले होते. प्रत्येक टप्पा कोणीतरी एकाने पावलांनी मोजायचा आणि आकडा वहीत टिपायचा. घरी गेल्यावर पावलाची लांबी घेऊन त्यावरून अंतर काढायचे. आम्हांस हे थोडे रुक्ष वाटले होते. इतिहास पाहायला निघालेल्या मुलांना बेरजा कशाला? पण बाईंपुढे आम्ही शाळेतही फारसे बोलत नाही.

अफजलगंजला ग्रंथालयाची इमारत पाहिली. १८९१ साली सुरू झालेले आसफिया ग्रंथालय ते हेच. १९३६ मध्ये ते या वास्तूत आले. तेथून उस्मानिया दवाखान्याच्या आवारात गेलो. जुनी घुमटांची इमारत २०२० च्या जुलैत पाणी शिरले तेव्हापासून रिकामी आहे. तिच्याकडे पाहून मुलांना हळहळ वाटली खरी, पण आम्ही त्यांना नेले होते ते एका चिंचेच्या झाडापाशी.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला पूर आला. त्या पुरात सुमारे १५,००० माणसे दगावली असा अंदाज आहे. त्या दिवशी या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. खालून दवाखाना वाहून गेला, पूल खचले, वस्त्याच्या वस्त्या गेल्या, आणि ही माणसे फांद्यांना धरून बसली होती. उर्दूचे प्रसिद्ध रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी याच पुरात गेली. ते एकटे उरले. आम्ही हे वर्गात फळ्यावर किती वेळा शिकवले आहे! मुले तारीख पाठ करतात आणि मोकळी होतात. येथे मात्र एक मुलगी झाडाखाली उभी राहून वर पाहत राहिली आणि तिने विचारले, "सर, वर चढायला आधी कोणाला दिलं असेल?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पूर ओसरल्यावर १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला, असे सारे आम्ही सांगितले. पण ती मुलगी मागे वळून वळून झाडाकडेच पाहत होती.

मग नयापूल. पुलावर नाकाला रुमाल लावूनच उभे राहावे लागते, ही लाजेची गोष्ट आहे. तरी मध्यावर थांबलो. एका अंगाला दवाखान्याचे घुमट, दुसऱ्या अंगाला उच्च न्यायालयाचा लाल दगड. पुराने धुतलेल्या काठांवर या इमारती उभ्या राहिल्या आणि दोहोंच्या उभारणीत व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाचा हात होता. मुलांनी पाण्याची पातळी नजरेने मापली, मग चिंच कोठे आणि पाणी कोठे असा वाद घातला. पूल ओलांडून झाल्यावर एकाने विचारले, "सर, पलीकडे कधी लागणार?" आम्ही म्हणालो, "लागले की." तो म्हणाला, "हे तर आपल्यासारखंच आहे." मग त्याच्या एकदम ध्यानात आले की सर येथेच राहतात, आणि तो लाजला.

सालारजंग संग्रहालयाविषयी जास्त बोलत नाही. १९५१ साली ते दिवाण देवडीत उघडले आणि १९६८ मध्ये आजच्या इमारतीत आले. तेथे दोन तास काढले म्हणजे काहीच न पाहिल्यासारखे आहे. बेंझोनीने १८७६ साली घडवलेली पडदानशीन रेबेका पाहिली. दगडाचा पडदा इतका तलम की मुलींनी ओढणीशी ताडून पाहिला. बारा वाजता ते प्रसिद्ध घड्याळ बघायला सारे खुर्च्यांवर बसले. आतून तो छोटा माणूस आला, त्याने बारा ठोके दिले आणि तो आत गेला. आमच्या मुलांनी त्याला टाळ्या दिल्या. नंतर डबे सोडले. दशम्या होत्या, धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती. आमच्या घरच्या डब्यातल्या धपाट्यांवर मुलांची धाड पडली आणि आम्हांस बाईंच्या इडल्यांवर भागवावे लागले.

पुढचा थांबा मदिना चौक. तेथे हजेरी घेतली, अठ्ठावीस भरले. जवळच बादशाही अशूरखाना आहे. मुहर्रमच्या शोकाची ही जागा मुहम्मद कुली कुतुबशहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली आणि तिच्या भिंतींवरचे मीनाकारीचे फरशीकाम १६११ सालचे आहे. पिवळा, निळा, हिरवा. चारशे वर्षांनंतरही रंग डोळ्यांत भरतात. पण १९०८ च्या पुराने या कामाचीही नासाडी केली. हे सांगताच मुले गप्प झाली. चिंचेखालचे पाणी येथपर्यंत आले होते! मघाशी पायांनी मोजलेले अंतर त्यांच्या वहीत होतेच. कोणी न सांगता त्यांनी ते आकडे बेरजेला घेतले. बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.

मदिनेपासून चारमिनारपर्यंतचा टप्पा मोजण्याचे काम त्या आजोबांच्या नातवाकडे होते. रस्त्यात पत्थरगट्टीच्या दगडी कमानी लागल्या. १९१२ साली स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाचे हे काम. कापडाची दुकाने, अत्तरे, मोती, जपमाळा, लग्नपत्रिका. मग मछली कमान, मग चार कमानींच्या मधला गुलजार हौज. गर्दी रविवारची. चारमिनारपाशी आलो, तिकिटे काढण्यासाठी मुले मोजली आणि ती सत्तावीस भरली.

पुन्हा मोजली. सत्तावीस. कोण कमी आहे हे नाव घेण्याआधीच कळले.

मंडळी, येथे एक गोष्ट कबूल करतो. त्या क्षणी आमच्या मनात पहिला विचार मुलाचा आला नाही. आधी आजोबांचा चेहरा आला. आणि त्याच्या पाठोपाठ आले ते हे, की उद्या वस्तीत काय बोलतील : कोणी नेले होते, कोठे नेले होते, आणि कोणाचा मुलगा हरवला. मुलगा कोठे असेल, घाबरला असेल का, हा विचार तिसरा आला. हे सांगताना आजही शरम वाटते.

बाई मुलांना घेऊन सावलीत थांबल्या. आम्ही लाडबाजारात शिरलो, कारण मुले बांगड्यांच्या झगमगाटाकडे वळतात असा आमचा समज. पहिल्याच दुकानात धापा टाकत विचारले. दुकानदार उठून उभा राहिला. "घबराओ नक्को मास्टर साब, इधरीच होंगा. बच्चे का नाम क्या बोले?" आम्ही नाव सांगितले. त्याने ते शेजारच्या दुकानात ओरडून सांगितले, त्याने पुढच्या, पुढच्याने समोरच्या. एक पोऱ्या हातातला चहाचा ट्रे खाली ठेवून नाव पुकारत पळत सुटला. पाहता पाहता लाडबाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंढरीच्या देवाच्या नावाचा गजर सुरू झाला. बुरखा घेतलेल्या एक आजीबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून तेच नाव हाका मारून घेत होत्या. त्या गडबडीत आमच्या हे काही ध्यानात आले नाही. रात्री घरी पाठ टेकल्यावर आले, आणि मग झोप आली नाही.

मुलगा मिळाला नाही. मशिदीच्या दारात पाहिले, फळगाड्यांत पाहिले, बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगितले. अर्ध्या तासाने रिकाम्या हातांनी बाईंकडे परतलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, सकाळी आपणच मुलांना नियम सांगितलात. चुकलात तर शेवटची हजेरी जिथे झाली तिथे जाऊन उभे राहा. शेवटची हजेरी मदिना चौकात झाली." नियम आमचा, सकाळी तीनदा सांगितलेला, आणि आम्हीच विसरलेलो! आम्ही आलो त्या वाटेने उलटे धावत सुटलो.

गुलजार हौज ओलांडला आणि मछली कमानीखाली तो दिसला. एकटाच, मान खाली, ओठ हलताहेत, एकेक पाऊल जपून टाकीत आमच्याच दिशेने येत होता. आम्ही ओरडलो. त्याने मान वर न करता हात वर केला, म्हणजे थांबा, बोलू नका. झाले होते असे : गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि त्याचा आकडा चुकला. चुकीचा आकडा बाईंना कसा द्यावा? म्हणून तो परत मदिना चौकात गेला आणि पहिल्यापासून मोजत निघाला. तो हरवलाच नव्हता. हरवलो होतो ते आम्ही. अर्थात हे सारे नंतर कळले. त्या वेळी आम्ही धावत जाऊन त्याला पोटाशी धरले आणि त्याचा आकडा पुन्हा चुकवला. तो रडला तो त्यामुळे.

चारमिनारवर चढलो, १५९१ सालची ती वास्तू पायांनीच अनुभवली. वळणावळणाचा जिना इतका अरुंद की वरून कोणी आले की अंग चोरावे लागते. वरून चारी रस्ते सरळ रेषेत दिसतात. मुलांनी आपण आलो तो रस्ता शोधला, आणि कोणीतरी लांब बोट दाखवून म्हणाले, "त्या बाजूला आपली शाळा." खालच्या अंगाची घड्याळे १८८९ साली बसवलेली, हेही सांगितले, पण खरे सांगावयाचे तर आमचे लक्ष सारखे मुले मोजण्याकडे होते.

मक्का मशिदीत जुहरची नमाज आधीच होऊन गेली होती. १६१७ साली सुरू झालेले बांधकाम कुतुबशाही बुडाल्यावर १६९४ मध्ये औरंगजेबाच्या अमलात पुरे झाले. अंगणात दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या निजामांच्या कबरी आहेत, हे मुलांना दाखवले. हौदाच्या काठी दगडाचे बाक आहेत. त्यावर बसणारा हैदराबादेस पुन्हा येतो अशी समजूत आहे. मुले कबुतरांना उडवीत त्यावर जाऊन बसली. एकजण म्हणाला, "पण आपण तर जातच नाही, मग परत कुठून येणार?" बाई मुलांपाशी थांबल्या आणि आम्ही राहिलेली नमाज पढून आलो. चिंचेखालच्या त्या मुलीने विचारले, "सर, देवाकडे काय मागितलंत?" आम्ही म्हणालो, "पट भरलेला राहू दे." ती म्हणाली, "एवढंच?" आम्ही म्हणालो, "मास्तरला एवढे पुष्कळ."

लाडबाजारात पुन्हा जावे लागले, आभार मानावयास. मुलगा सापडल्याची वर्दी आमच्या आधी पोचली होती. ज्या दुकानदाराने पहिली हाक दिली त्याने सगळ्यांना आत घेतले आणि मागच्या बाजूला काम चालते ते दाखवले. लाख विस्तवावर मऊ करावयाची, लाटून तिची वेटोळी काढावयाची, सांधा जुळवावयाचा, आणि ती गरम असतानाच चिमट्याने एकेक खडा बसवावयाचा. खडा जरा उशिरा ठेवला तर धरत नाही. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण कारागिराच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग पाहिल्यावर मानांकनाचा विषय आम्ही काढला नाही. मुलींना काही घ्यावयाचे होते. दुकानदाराने पैसे घेण्यास नकार दिला, बाईंनी फुकट घेण्यास नकार दिला, आणि दहा मिनिटे झगडून बाईंचे चालले. चालणारच.

चौमहल्ला पाहिला. २००५ सालापासून तो लोकांस खुला आहे. झुंबरे पुष्कळ आहेत. पाय दुखू लागल्यावर राजवाड्यांचे अप्रूप राहत नाही, म्हणून जास्त थांबलो नाही. शेवटचा थांबा शहाअलीबंड्याचा घड्याळाचा मनोरा. हा रायरायांच्या देवडीचा. रायरायां हे मराठी घराणे, आणि आसफजाही राज्यात मराठवाड्याच्या मुलखाचा जमाखर्च ज्या दफ्तरे दिवाणीत राही ते यांच्याकडे होते. त्या घड्याळाच्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिप्यांतले आकडे आहेत. मुले मनोऱ्याभोवती फिरून देवनागरीचा आकडा शोधत होती, तेलुगूचा शेजारच्या मुलाकडून वाचून घेत होती आणि अरबी आम्हांस विचारत होती. पलीकडच्याही पलीकडे, इतक्या आत, आपल्या माणसाची देवडी निघेल अशी कोणाची कल्पना नव्हती. परत मात्र सिटी बसने आलो. मास्तरांचेही वय झाले आहे.

सोमवारी आजोबा शाळेत आले. नातवाने सारे सांगितले असणारच. आम्ही उभे राहिलो आणि जे घडले ते आमच्या तोंडून पुन्हा सांगितले, आमच्या विसरभोळेपणासकट. तिसऱ्या विचाराची गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नाही, ती आज सांगितली. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाडबाजारात खरेच हाका मारल्या?" आम्ही म्हणालो, "हो." ते म्हणाले, "माझे वडील मला पत्थरगट्टीला न्यायचे. गुलजार हौजाच्या कठड्यावर बसवून स्वतः खरेदीला जायचे. हलू नकोस म्हणायचे." आणि काठी घेऊन उठले.

आता हिशेब. मंजूर रकमेपैकी तिकिटे, चहा आणि परतीचे बसभाडे एवढाच खर्च झाला, बाकी पैसे आम्ही खजिनदारांकडे जमा केले. ते कोणत्या सदरी दाखवावेत असा प्रश्न त्यांना पडला आहे. आमची विनंती आहे की ते पुढच्या सहलीकडे ओढावेत, कारण एक टप्पा राहून गेला आहे. बाईंनी सगळ्या वह्या तपासल्या, बेरजा जुळल्या. फक्त त्या मुलाच्या वहीत 'मदिना ते चारमिनार' या ओळीपुढची जागा कोरी आहे. अंदाजाने आकडा घाल म्हटले तर तो ऐकत नाही, आणि पुन्हा कधी जायचे असे दर सोमवारी विचारतो.